दुधाची दाढ आहे म्हणून लगेच उपटू नकोस

अगं, लेकाच्या दुधाच्या दाढेपाशी हिरडीवर पुळी आलीये आणि सगळे "पडणारच आहे, काढून टाका" म्हणतायत असं लिहिलंस ना, आमच्या मुलीच्या वेळी सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. पण मागच्या दुधाच्या दाढा पडतात 10 ते 12 व्या वर्षी, तुझा लेक आत्ता 5 चा, मग तोवर चावणार कशाने? शिवाय दाढ लवकर गेली की शेजारची सरकते आणि पक्क्या दाताला जागाच उरत नाही.

हिरडीवर पुळी आलीये म्हणजे इन्फेक्शन मुळापर्यंत गेलंय, नुसत्या अँटिबायोटिकने सूज उतरते पण घाण आतच राहते, आम्ही दोनदा फसलो. लहान मुलांच्या डेंटिस्टकडे जा. एक्स-रेत मुळं शाबूत दिसली तर आतून साफ करून पेस्ट भरतात, ती मुळांबरोबर हळूहळू विरघळते म्हणून खालचा दात अडत नाही, वरून स्टीलची कॅप. नाशिकच्या सिडकोतून गंगापूर रोडला तीन चकरा झाल्या आमच्या, पण पोरगी नंतर अख्ख्या बिल्डिंगला "चांदीची दाढ" दाखवत फिरत होती 😄

मुळं झिजलेली असतील तर मात्र काढावीच लागते, तेव्हा स्पेस मेंटेनरबद्दल, म्हणजे पक्क्या दाताची जागा राखून ठेवतात त्याबद्दल, डॉक्टरांना विचार. आणि गाल सुजून ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी पळ.