सायकलवरून पडून खांदा दुखावलाय? मग हे आधी वाच

भावा, घाबरू नकोस. कॉलरबोन (गळा नि खांद्यामधलं हाड) मोडलं असेल तर मोठ्या माणसात हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, तेवढे दे.

दुखायचं थांबलं की लगेच सायकल काढून पन्हाळ्याचा घाट गाठणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक याच्या उलट: भीतीनं हात झोळीतच ठेवणं. त्यानं सांधा आखडतो, आणि तो मोकळा करायला फार त्रास पडतो. बोटं, मनगट हलवत राहा. खांद्याचे व्यायाम फिजिओनं सांगितल्यावरच, पण मग रोज. ताज्या दुखापतीवर कुणाकडूनही चोळून घेऊ नकोस. हाताला मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना दाखव.

परतताना आधी घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), मग पहाटे रंकाळा तलावाभोवती. दोन्ही ब्रेक जोरात दाबता येत नसतील तर अजून थांब. आपटलेलं हेल्मेट मात्र आजच बदल.