पहाटे सव्वापाचची हाक

"म्याडम, पोरगं हाताबाहेर गेलंय. मोबाईलचं व्यसन लागलंय त्याला. मी हाका मारून मारून दमतो, पण कूस बदलून परत झोपतंय बघा."

जुलैतल्या पावसाच्या दुपारी रेनकोट दाराबाहेर निथळत ठेवून ही आई समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली होती. (मी दमतो, मी जातो – आमच्या कोल्हापूरच्या पेठांमधल्या बायका अजून असं बोलतात, आणि मला ते फार जवळचं वाटतं.) मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. रात्री एकपर्यंत मोबाईल, पहाटे उठायचं नाव नाही, उठवलं तर अंगावर येतो, वर्गात पेंगतो, क्लासच्या सरांचे फोन येतात. शेवटी वडिलांनी मोबाईल काढून घेतला आणि वर्कशॉपच्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

"मग?"

"तीन दिवस धड जेवला नाही. आणि झोपला तरी कुठं? साडेबारापर्यंत फॅनकडं बघत पडलेला."

हे तिनं सहज सांगितलं, पण मी तिथंच थांबले. हातात मोबाईल नसतानाही पोराला झोप येत नसेल, तर सगळा दोष मोबाईलवर टाकून चालणार नव्हतं.

दहावी-बारावीचं मूल घरात असलेले पालक "आळशी झालाय", "व्यसन लागलंय" म्हणत माझ्याकडं सारखे येतात. म्हणून ही हकिकत लिहितेय, घर ओळखू येणार नाही एवढे तपशील बदलून.

मुलाशी एकट्याशी बोलले. अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते : कशातच रस उरलेला नाही, जगणं नकोसं वाटतं, स्वतःला इजा करावीशी वाटते, असं काही आहे का? असेल तर झोपेच्या गप्पा मारत वेळ घालवायचा नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. तोवर कुणाशी तरी बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास सुरू असतो. या मुलात तसं काही नव्हतं. फुटबॉलचा विषय काढल्यावर तो खुर्चीत सरळ बसला. नववीपर्यंत पेठेतल्या पोरांबरोबर रोज संध्याकाळी खेळायचा, दहावी लागली आणि ते बंद झालं. "रात्री अकरानंतर सगळे ऑनलाईन येतात. तेव्हाच बोलता येतंय," तो म्हणाला.

मी त्याला एक वही दिली. आठवडाभर फक्त दोन आकडे लिहायचे : झोप लागली अंदाजे किती वाजता आणि उठवलं किती वाजता. तो वही घेऊन आला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून बेरीज केली. सोमवार ते शनिवार, सहा रात्री मिळून २९ तास. उठण्याच्या रकान्यात सहाही दिवस एकच वेळ होती : ५:१५. पहाटेचा अभ्यास डोक्यात राहतो म्हणून आई त्या वेळेला हाक मारायची. रविवारी मात्र तो अकरापर्यंत झोपला होता.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. आठच धरले तरी सहा रात्रींचे ४८ होतात. म्हणजे आठवड्याला १९ तास थकबाकी. त्यात निसर्गाची आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या घरांत माहीत असते. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळच तास-दोन तास पुढं सरकतं. अंधार पडल्यावर झोपेची तयारी करून देणारं मेलाटोनिन या वयात उशिरा वाढायला लागतं. नऊ वाजता पेंगणारं लेकरू चौदाव्या-पंधराव्या वर्षी अकराला टक्क जागं असतं, ते यामुळं. मोबाईल त्यात भर घालतो, हे खरंच. पण घड्याळ सरकवलेलं असतं वयानं. राज्य सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. मला मात्र नेहमी वाटतं, उशिरा शाळेची खरी गरज त्यापुढच्या मुलांना आहे.

पुढच्या वेळी वडील आले. बोटांच्या पेरांत वंगणाचा काळेपणा, बसले ते खुर्चीच्या कडेवर. "म्याडम, आम्ही याच्या वयात पहाटे साडेचारला तालमीत असायचो. आमची झोप कुणी मोजली नाही."

"आणि झोपायचात किती वाजता?"

"जेवलं की लगेच. साडेआठ, फार तर नऊ. वस्तादांचा दंडक होता."

"दुपारी?"

"दुपारी पण झोपवायचेच. मेहनत अंगी लागत नाही म्हणायचे झोपेशिवाय." एवढं बोलून ते थांबले. बोटांवर मोजल्यासारखं काहीतरी केलं आणि बायकोकडं बघितलं. वस्तादांनी त्यांची झोप रोज मोजली होती, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग आम्ही थोडंच ठरवलं. पहाटेची हाक बंद, सव्वासहाच्या आधी उठवायचं नाही. उठल्यावर त्यानं सायकलवरून गंगावेशीतून दूध आणायचं, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की पुढं सरकलेलं घड्याळ हळूहळू जागेवर येतं. रविवारी फार तर तासभर उशिरा उठायचं. अकरापर्यंत झोपलं की रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार पुन्हा बिघडतो. मोबाईल कपाटातून परत द्यायचा, पण रात्री साडेदहाला घरातले सगळे मोबाईल बाहेरच्या खोलीत फ्रिजवर. सगळे म्हणजे वडिलांचाही. यावर ते जरा अडले, गिऱ्हाइकांचे फोन येतात म्हणाले. मी हट्ट सोडला नाही. आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर फुटबॉल. दोस्त मैदानावर भेटले की रात्री बाराला भेटायची ओढ कमी होते. ही शेवटची गोष्ट मिळवायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही तीच होती.

ऑगस्टमध्ये गाडी रुळावर आली. गणपतीत मंडळाच्या जागरणांनी पुन्हा घसरली आणि अनंत चतुर्दशीनंतर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता आठवड्यातले चार-पाच दिवस साडेसात तास झोप होते. आठ अजून होत नाही. क्लासची एक सकाळची बॅच सोडून संध्याकाळची धरली. चाचणीत बीजगणिताचे मार्क होते तेवढेच आहेत. आईला त्याची काळजी आहे, आणि ते मीही नाकारत नाही. सरांचे फोन मात्र थांबले.

परवा तिनं फोन केला, तो मार्कांसाठीच. बोलता बोलता म्हणाली, संध्याकाळी मैदानावरून आला की स्वयंपाकघरात येतो, मी भाकरी थापत असतो तर कट्ट्याला टेकून उभा राहतो. कुणी कसा गोल चुकवला ते सांगतो. मला त्यातलं काय कळत नाही, पण तव्यावरची पहिली भाकरी त्याला लागते, उभ्या उभ्या, नुसतं तेल-चटणी लावून.

आणि पलीकडून त्याचाच आवाज आला, "आई, फोन ठेव की, करपतीय."