इराणचे गालिबाफ मूळचे लष्करी अधिकारी ना? मग ते राजकारणात कसे आले, आणि राष्ट्राध्यक्ष कधी होते का?

राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते; मोहम्मद बागेर गालिबाफ 2020 पासून संसदेचे सभापती आहेत आणि तिथवर ते पोलीस खात्याच्या वाटेने पोचले. इराण-इराक युद्धात अगदी तरुण वयात मोठ्या तुकडीचं नेतृत्व, 1997 मध्ये रिव्होल्युशनरी गार्ड्सच्या हवाई दलाचे प्रमुख, 2000 मध्ये देशाचे पोलीसप्रमुख. पोलिसांचा 110 हा तातडीचा नंबर त्यांच्याच काळातला. राष्ट्राध्यक्षपदाचा हिशेब मात्र असा:

- 2005: पराभव. जिंकले तेहरानचे महापौर अहमदीनेजाद, आणि त्यांची रिकामी झालेली खुर्ची गालिबाफना मिळाली. तिथे ते 2017 पर्यंत, म्हणजे 12 वर्षं होते.
- 2013: रुहानींच्या मागे दुसरे, जेमतेम साडेसोळा टक्के मतं.
- 2017: दुसरे उमेदवार रईसी यांच्यासाठी माघार.
- 2024: तिसरे.

थोडक्यात, नेमणुकीची किंवा आतून निवडीची पदं मिळत गेली, थेट जनतेच्या मतांवरचं सर्वोच्च पद हुकत राहिलं. महापौर नगरपरिषद निवडते, सभापती खासदार. (खासदारकी मात्र त्यांनी तेहरानमधून लढून जिंकली.)

एक दुरुस्ती: 'लष्करी' हा शब्द जपून वापरा. गार्ड्स म्हणजे इराणचं नियमित सैन्य नव्हे. क्रांतीच्या रक्षणासाठी 1979 मध्ये उभारलेलं ते वेगळं दल आहे आणि राजकारणापासून ते कधीच फार लांब नव्हतं. 1999 मध्ये विद्यार्थी आंदोलनावरून राष्ट्राध्यक्ष खातमींना इशारा देणाऱ्या 24 कमांडरांच्या पत्रावर गालिबाफ यांचीही सही होती, तीही गणवेशात असतानाच.