लिथियम बॅटरी, रिले आणि घाटातला जळका वास

तुमची बीएस-६ ट्रॅव्हलर, मागे २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, अल्टरनेटरपासून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) रिलेमार्गे थेट जोडणी. तक्रारी दोन: पुणे ते महाबळेश्वर जाऊनही चार्ज जेमतेम वाढतो आणि घाटात रांग लागली की जळका वास येतो. दोन्हींचं मूळ तो रिलेच आहे. माझ्या गाडीलाही एका वर्कशॉपने हीच जोडणी करून दिली होती. वास आला की अल्टरनेटर बदला, एवढंच त्यांना सुचायचं. तुम्ही त्या खर्चात पडू नका.

रिले म्हणजे नुसता स्विच, करंटवर त्याचा ताबा नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की आपोआप कमी ओढते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढं ओढत राहते. खंबाटकीत गाडी आयडलवर उभी असते, अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच शाफ्टवर हळू फिरतो आणि भार मात्र पूर्ण असतो. वाइंडिंग तापणारच.

हायवेवर उलटं होतं. गाडीची मूळ बॅटरी भरली की बऱ्याच बीएस-६ गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर डिझेल वाचवायला व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतो. लिथियम मुळात १३.२ वर बसलेली, मग करंट जाणार कुठून? त्यात रिले व्होल्टेजवर चालणारा असेल तर तो साधारण १२.८ ला सुटायला हवा. पण लिथियमच्याच व्होल्टेजमुळे तो सुटत नाही आणि तुमची मागची लिथियम बॅटरी गाडीचे दिवे, पंखे चालवत बसते! शिवाय चालू चार्जिंगमध्ये बीएमएसने (लिथियम बॅटरीतलं संरक्षण सर्किट) अचानक तोडलं तर व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

उपाय म्हणजे रिले काढून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा, लिथियम प्रोफाइल (लिथियमसाठीची सेटिंग) असलेला. ५० चा मोह टाळा, आधी अल्टरनेटरच्या प्लेटवरचं रेटिंग बघा. तीन तासांच्या प्रवासात ९० अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचे ४५ टक्के. मला हे पुरेसं वाटतं. स्मार्ट अल्टरनेटरला चार्जर व्होल्टेज बघून चालू होणारा नको. किल्ली लावल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवरून त्याला सिग्नल द्या.

खरा घोळ केबलमध्ये होतो. ३० अँपिअर बाहेर द्यायला चार्जर आत सुमारे ३६ ओढतो. अंतर ५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १० मीटर. ६ चौरस मिमीच्या केबलमध्ये एक व्होल्टहून जास्त खाल्लं जातं, १६ मध्ये सुमारे ०.४. म्हणून १६ च घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिंपरच हवा. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ, वीतभर अंतराच्या आत, एकेक ५० अँपिअरचा फ्यूज लावा. दोन्हीकडे, कारण शॉर्ट झाल्यास करंट कुठल्याही बॅटरीतून येऊ शकतो.

निगेटिव्हकडे कुणी बघत नाही. चॅसिसवर घेणार असाल तर रंग घासून चकचकीत धातू काढा, मगच बोल्ट आवळा. मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर तुमची वायर थेट त्या टर्मिनलवर लावू नका. करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा बॅटरीच्या चार्जचा हिशेब बिघडतो.

चार्जर बॉनेटखाली नको, आत मोकळ्या हवेत उभा बसवा. वॉरंटीचा मुद्दा मात्र सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. माझं म्हणणं बारा व्होल्टच्या गाडीपुरतं आहे.

काम झाल्यावर गाडी चालू ठेवून चार्जर पूर्ण भारावर असताना त्याच्या इनपुटवर व्होल्टेज मोजा, त्याच वेळी मूळ बॅटरीवरही. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर एकेक जोड हाताने चाचपा. जो गरम लागेल तो उघडून पुन्हा करा.