मिनी ट्रॅक्टर स्वतः चालवायचाय: ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरा नाशिकला नोकरीला, घरी दोन एकर द्राक्षबाग, २४ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय आणि ऐन फवारणीच्या दिवशी ड्रायव्हर फोन उचलत नाही. म्हणून स्वतःच शिकायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू, घरच्या घरी किती सर्व्हिसिंग जमेल आणि आठ वर्षांच्या मुलाला मडगार्डवर बसवून नेलं तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही. बांधापासून घरापर्यंतसुद्धा नाही. मडगार्डवरून घसरलेलं पोर सरळ मागच्या चाकाखाली किंवा रोटरवर, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांवर जातं, आणि आपला पाय क्लचवर पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. तो रडला तर रडू द्या.

मी दिंडोरीकडचा. बावीस वर्षं बाग करतोय, त्यातली चौदा मिनी ट्रॅक्टरवर. इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितली. मोठ्या ट्रॅक्टरला माणूस बिचकून असतो, पण मिनीशी मोटरसायकलसारखा वागतो. खरं तर नऊ फुटी ओळीत वळता यावं म्हणून हा अरुंद केलेला असतो. चाकांमधलं अंतर कमी, म्हणून बाजूला कलंडायला मोठ्यापेक्षा याला कमी निमित्त लागतं. एक चाक बांधावर, दुसरं चरात आणि वर जोरात वळण, एवढं पुरतं.

पहिले दोन दिवस किल्ली घरीच ठेवा. नुसतं सीटवर बसा. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेकचे दोन पेडल, हातरेस, पायरेस, हाय-लोचा (वेगाचे गिअर की ताकदीचे, ते ठरवणारा) दांडा, पीटीओचा (मागचं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टचा) दांडा, लिफ्टचा (मागचं अवजार उचलणारा) दांडा, इंजिन बंद करायचं बटण. डोळे मिटून हात बरोबर जागी जाईपर्यंत हे करा. घरचे हसतील. माझा बाप बैलजोडीवाला, तोही हसला होता.

ब्रेकचे दोन पेडल का, तर डावा दाबला की डावं मागचं चाक थांबतं, उजवा दाबला की उजवं. ओळीच्या टोकाला कमी जागेत वळायला ते कामाला येतं. पण रस्त्यावर येताना दोघांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो आणि पडतो. शिकताना पट्टी कायम लावलेलीच ठेवा, एका ब्रेकवर वळायची घाई नको. दुसरं असं की, बहुतेक मिनींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तुमचा फोर व्हील असेल तर उतारावर फोर व्हील टाकून ठेवा, म्हणजे पुढची चाकंही धरतात. डांबरीवर मात्र काढा, नाहीतर पुढचे टायर आणि गिअर दोन्ही खातो. आणि डांबरीवर आणायचा म्हटलं तर लायसन्स लागतंच.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या वावरात, मागे काहीही न जोडता, लो गिअरमध्ये. नुसतं चालू करा, दहा फूट जा, थांबा, बंद करा, उतरा. असं पन्नास वेळा. माझ्या मते ट्रॅक्टर शिकणं म्हणजे उतरायला शिकणं. क्रम असा: पीटीओ काढला, मागचं अवजार जमिनीला टेकवलं, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग पाय खाली. ब्लोअरचा, म्हणजे मागे जोडलेल्या फवारणीच्या यंत्राचा, एक नोझल बंद पडला म्हणून इंजिन चालू ठेवून "दोन मिनिटांत" उतरणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकाला डावा हात मनगटापासून नाही.

चालू करतानाही सीटवर बसूनच. हे माझ्या चुकीवरून सांगतो. एका वर्षी सेल्फचा (स्टार्टरचा) स्विच गेला होता. फवारा उरकायचा होता, म्हणून खाली उभा राहून पान्ह्यानं सेल्फ डायरेक्ट केला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. माझ्या मांडीला घासून तो निघाला आणि तीन अँगल, तारा आणि सात वेली घेऊन थांबला. मी चाकाच्या दोन बोटं अलीकडे उभा होतो, एवढंच. क्लच दाबल्याशिवाय चालू न होणारं जे स्विच कंपनीनं दिलेलं असतं, ते जुन्या ट्रॅक्टरवर बरेचदा कुणीतरी वायर जोडून बाद केलेलं असतं. तुमच्या ट्रॅक्टरचं तपासा आणि बाद असेल तर आधी ते नीट करून घ्या.

आता पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा शाफ्ट. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टवर एका फेऱ्याला साधारण बावीस सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं, म्हणजे सेकंदाला दोन मीटर. अख्खी ओढणी. ओढून काढू, हात सोडवू, असा विचार करायलाही वेळ मिळत नाही. बागेतल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला स्कार्फ बांधतात. शर्टाची बटणं लागलेली आणि स्कार्फची टोकं आत खोचलेली असतील तरच ट्रॅक्टरजवळ जायचं. पदर, ओढणी, उपरणं, मोकळी वेणी नको. शाफ्ट फिरत असताना त्याच्यावरून ओलांडायचं नाही. वळसा पडला तरी ट्रॅक्टरच्या पुढून जायचं.

शाफ्ट दुसऱ्याचा असेल तर लांबीही बघा. आतबाहेर सरकणारे त्याचे दोन भाग एकमेकांत निदान एक तृतीयांश बसलेले हवेत, आणि वळताना किंवा लिफ्ट उचलताना ते पूर्ण आत जाऊन अडकता कामा नयेत. फार तिरक्यात पीटीओ चालू राहिला तर क्रॉस, म्हणजे शाफ्टचा वाकणारा सांधा, खडखडतो. तो आवाज आला की पीटीओ बंद करून वळा.

६०० लिटरचा ब्लोअर भरला की नुसतं पाणीच ६०० किलो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन त्याच्या फार पुढे नसतं. सपाटीवर हे जाणवत नाही, उतारावर मात्र मागचा पुढच्याला ढकलतो. उतार सुरू व्हायच्या आधीच लो गिअर घाला, आणि एकदा उतरायला लागलात की क्लचला पाय नाही, न्यूट्रल तर नाहीच. अर्धी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, कारण पाणी वळणावर बाजूला धावतं. शिकताना २०० लिटर भरून हळू हिंडून बघा, कळेल.

मागे उलटणं हा प्रकार वेगळा, आणि तो सगळ्यात झटपट होतो. जुनी बाग काढताना खोडाला साखळी बांधून ओढतात. साखळी खाली ड्रॉबारला (ओढायच्या पट्टीला) न अडकवता वर टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवली की खोड हलत नाही, मागची चाकं पकड घेतात आणि ट्रॅक्टर पुढून उठतो. दीड सेकंदात पाठीवर. चिखलात रुतल्यावर चाकाला ओंडका बांधून रेस देणाऱ्यांचंही हेच होतं. चाक अडकलं की इंजिन चाकाऐवजी अख्खा ट्रॅक्टर फिरवतं. रुतला तर रिव्हर्स घेऊन बघा, नाही निघाला तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. तुमच्या ट्रॅक्टरला मागे लोखंडी कमान असेल तर बेल्ट लावा. बेल्टशिवाय ती कमान माणसाला वाचवत नाही, उलट तिच्याखालीच माणूस सापडतो. बागेत तारांखाली जाताना ती दुमडावी लागते, मग बाहेर आल्यावर उभी करायला विसरायचं नाही. दुमडलेली असेल तेव्हा बेल्ट नको.

विहिरीचं वेगळं सांगतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली आणि सात जणी गेल्या. आपल्याकडे शिवारात कठडा नसलेल्या विहिरी कमी नाहीत, आणि पावसाळ्यात काठ आतून सुटलेला वरून दिसत नाही. विहीर जितकी खोल तितकं अंतर काठापासून ठेवा, निदान शिकताना तरी. ट्रॉलीत माणसं भरायची मागणी होणारच, मजुरांना उशीर होतो म्हणून. तेव्हा सासऱ्यांचंही ऐकू नका.

सर्व्हिसिंग तुम्हाला नक्की जमेल. जुना घेतलाय तर आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर एकदम बदला आणि तारीख व तासमीटरचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढे बहुतेक मिनींना २००-२५० तासांनी ऑइल लागतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आहे. दोन एकरात तेवढे तास भरतीलच असं नाही, तरी वर्षातून एकदा, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, बदलाच.

रोज सकाळी थंड इंजिनवर ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी, चाकांचे नट, खाली कुठे थेंब पडलाय का, एवढं बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. बागवाल्यांचा रेडिएटर इतरांपेक्षा लवकर तुंबतो, कारण ब्लोअरचं गंधक आणि बोर्डो जाळीवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. फवारा झाला की ट्रॅक्टर धुवायचा, जाळी इंजिनच्या बाजूनं पाण्याच्या हलक्या धारेनं. जोराची धार मारली तर पत्रे दुमडतात. वायरींवर पाणी नको. एअर फिल्टर कोरडा असेल तर बाहेरची जाळी आतून बाहेर हवा मारून साफ करा. आतली छोटी जाळी साफ करायची नसते, बदलायचीच. काळा धूर आणि ताकद कमी, असं झालं की आधी इथे बघा, मेकॅनिक नंतर.

डिझेल संपू देऊ नका, पाइपात हवा (एअर) धरते. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे रात्री आत पाणी धरत नाही. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्याला सोडा. हायड्रॉलिकचा पाइप गळतोय असं वाटलं तर बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं आणि हात काढायची वेळ येते. उचललेल्या रोटरखाली हात घालायचा तर आधी इंजिन बंद, खाली लाकडी ओंडके. फक्त लिफ्टच्या भरवशावर कधीच नाही.

क्लच, गिअर, पंप यांच्या नादी लागू नका, ते मेकॅनिकचं.

शिकवायला माणूस नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. वेळ काढता आला तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे. १९५५ पासून तिथे ट्रॅक्टर चालवणं आणि देखभाल शिकवतात, शिवाय बाजारात येणाऱ्या ट्रॅक्टरांची चाचणीही तिथे होते. निदान तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळाला तर वाचा, वजन आणि वळायला लागणारी जागा त्यात लिहिलेली असते.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. ब्लोअरच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर शाबूत आहे का, साखळीनं अडकवलेलं आहे का, त्याचा फोटो टाका. जुन्या मशिनवर ते बहुधा नसतंच. नसेल तर नवीन आणेपर्यंत ब्लोअर जोडू नका, ड्रायव्हरलाही जोडू देऊ नका.