उतारावरच्या शेतातली माती दरवर्षी वाहून जाते, खत टाकूनही पीक पिवळं पडतं. काय करावं? बोअर घ्यावी का?

तुमची तीन एकर उताराची जमीन, कापूस-तुरीचं पीक, आणि पाऊस उघडला की जागोजागी ओघळी. माझं शेत जालना जिल्ह्यात, असंच उताराचं. खालच्या कोपऱ्यातली कपाशी काळीभोर, कमरेच्या वर. वरची मात्र गुडघ्याला लागत नव्हती. मी कित्येक वर्षं वरच्या तुकड्याला खत वाढवत राहिलो. एकदा जोराच्या पावसात ओघळीचं पाणी बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. सकाळी तळाला बोटभर मऊ गाळ बसलेला. बैलगाडीने टाकलेलं शेणखत असं चाललं होतं.

डीएपी खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या बारीक कणांना धरून असतं, माती गेली की तेही जातं. युरियाचं नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळून निघून जातं. म्हणून आधी माती धरा, खताचं नंतर बघू.

1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला साधारण 4,000 लिटर पाणी. 50 मिलिमीटर पडला तर तुमच्या तीन एकरांत 6 लाख लिटर. एवढं सगळं खालच्या एका बांधावर अडवायला जाऊ नका. आमचा बांध असाच फुटला, सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, ठेवलाच नव्हता. पाणी वरच्या धुऱ्यापासूनच, म्हणजे शेताच्या वरच्या हद्दीपासूनच, थोडं थोडं मुरवत आणायचं, आणि प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवाच.

यंदा पैसे नसतील तरी एक काम कराच: पेरणी उताराला आडवी. तास (औताची रेघ) लांब पडतं म्हणून आपण उताराच्या दिशेनेच औत चालवतो, आणि तेच तास पाण्याची नाली होतं. ओळींमधलं तण काढायच्या शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळा, ओळींमध्ये सरी पडते. त्या सरीत पाणी थबकलेलं दिसलं ना, की मला अजूनही बरं वाटतं! बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावा. पाला कापून शेतातच पसरायचा, त्यात नत्र भरपूर असतं. युरिया एकदम फेकू नका. हप्त्याने, वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी), झाडाजवळ मातीआड द्या. माती परीक्षण केल्याशिवाय डीएपीची पोती वाढवू नका.

बोअर मात्र आत्ता नको. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास, पण त्यांनी डोंगरावर चर खणले आणि सोबत शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं. मुरवलेलं पाणी बोअरने उपसलं तर मुरवून काय उपयोग?

तुमच्या वर कोणाचं शेत आहे ते लिहिलं नाहीत. पेरणीआधी त्यांच्याशी बोला. माझ्या शेतात निम्मं पाणी वरच्या शेजाऱ्यांच्या रानातून यायचं. आम्ही दोघांनी मिळून सामाईक धुऱ्याला सांडवा बांधला, तेव्हा कुठे माझी मोठी ओघळ बंद झाली.