नसबंदीचा विचार करतोयस तर

अरे, दुसऱ्या बाळानंतर सगळं घर सूनबाईच्याच ऑपरेशनचं बोलत असताना तू स्वतःबद्दल विचारलंस, मला फार बरं वाटलं. तिच्या पोटाला छेद द्यावा लागतो. तुझं काम त्याहून सोपं आणि कमी जोखमीचं.

बिनटाक्याच्या पद्धतीत जागा सुन्न करून अंडकोषाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात, शुक्रवाहिन्या म्हणजे शुक्राणू नेणाऱ्या नळ्या कापून बांधतात. साधारण अर्ध्या तासात होतं, त्याच दिवशी घरी. सरकारी दवाखान्यात मोफत. मर्दानगी जाते ही निव्वळ अफवा. हार्मोन रक्तात मिसळतात, ते चालूच राहतात. वीर्यही दिसायला तसंच, फक्त त्यात शुक्राणू नसतात.

पण ते लगेच संपत नाहीत, आणि इथेच लोक फसतात. तीन महिने कंडोम वापर, मग वीर्यतपासणी कर. शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कंडोम सोडू नकोस.

दोन दिवस आराम, घट्ट लंगोट. आठवडाभर जड उचलायचं नाही, जवळपास जायलासुद्धा बाइक नको. ताप आला किंवा सूज वाढली तर थेट डॉक्टर गाठ.

नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नाही. तिसऱ्याचा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात असेल, तर सध्या कंडोम किंवा तांबीवरच राहा.